बॅरी सँडर्स, एमिट स्मिथ आणि पप्पांचा गुडघा

परवा रात्री जेवताना आमच्याकडे असलं जोरदार भांडण झालं ना की बाजूच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, काय झालं म्हणून विचारायला. आता त्यांना काय सांगणार? नायगावच्या बीडीडी चाळीत १६० स्क्वेअर फुटांच्या खोलीत बाप-लेक अमेरिकन फुटबॉलवरून भांडतायत म्हणून? मम्मीने सांगितलं, काही नाही हो, कबड्डीचं चाललंय. तसं ते खोटंही नव्हतं.

तर विषय असा की अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सगळ्यात मोठा रनिंग बॅक कोण. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तोच हा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की परत चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड म्हणजे किती, तर आपली क्रिकेटची पिच २२ यार्डांची, तिच्या अर्ध्याहून कमी. एवढीशी जागा, पण समोर अकरा रेडे उभे असतात, आणि रनिंग बॅक म्हणजे ज्याच्या हातात बॉल कोंबतात आणि सांगतात जा, घूस. बस. बाकी नियम नाही कळले तरी हा माणूस कळतो, कारण कबड्डी बघितलेल्या कुणालाही तो लगेच ओळखीचा वाटतो.

मला हे याड लागलं कुठून ते सांगायलाच हवं. २०१२ ला मी मालाडला एका कॉल सेंटरात नाईट शिफ्टला होते, इन्शुरन्सची प्रोसेस, सगळे कॉल मिशिगनचे. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं थँक्सगिव्हिंग काय, सुपर बोल (म्हणजे या खेळाची वर्षाची फायनल) काय, डेट्रॉईटची टीम लायन्स, त्यांच्याबद्दल गोड बोला पण जिंकण्याबद्दल विचारू नका (हे खरंच सांगितलं होतं). एका रात्री सिस्टीम ढिम्म झाली, स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय, आणि लाईनवर एक आजोबा. काहीतरी बोलायचं म्हणून मी लायन्सचं विचारलं. झालं. आजोबा सुटले. बॅरी सँडर्स, बॅरी सँडर्स, बॅरी सँडर्स. म्हणाले त्याचं पहिलं वर्ष होतं १९८९, शेवटची मॅच जवळजवळ जिंकलेली, कोचने येऊन सांगितलं की अजून दहा यार्ड पळालास तर लीगमध्ये पहिला येशील (सीझनभर बॉल घेऊन कोण किती यार्ड पळाला त्यावर नंबर लागतो), जातोस का, आणि हा म्हणाला नको, बाकीच्या पोरांना खेळू दे. आणि खरंच दहा यार्डांनी दुसरा आला. ख्रिश्चन ओकोये १,४८०, हा १,४७०. आजोबा हे असं सांगत होते जसं काही घरातल्या मुलानेच असा वेडेपणा केलाय, राग पण आहे आणि अभिमान पण. तो कॉल गेला एकोणीस मिनिटं, टार्गेट होतं सात, क्वालिटीवाल्यांनी माझे मार्क कापले आणि टीम लीडने वेगळं झापलं. पण पहाटे कॅबमध्ये, हायवेवरून घरी येताना, मोबाईलवर अडकत अडकत चालणारी त्याची एक क्लिप मी बघितली आणि माझं ठरलं. हाच.

कारण त्या माणसाचं पळणं बघून हसू येतं. म्हणजे आनंदाने हसू येतं. पाच फूट आठ इंच उंची, जाड मांड्या, आणि असा पळतो की ज्याला त्याला पकडायचंय तो बिचारा मूर्ख दिसतो. १९९४ ची एक क्लिप आहे पॅट्रियट्सविरुद्धची, हार्लन बार्नेट नावाचा डिफेंडर अगदी समोर, मोकळ्यात, दोघंच, आणि बॅरी नुसती हूल देतो, बार्नेट अक्षरशः स्वतःभोवती गोल फिरतो आणि तोवर हा गेलेला असतो. आणि टचडाऊन केल्यावर, म्हणजे बॉल घेऊन पार शेवटच्या रेषेपलीकडे गेल्यावर, नाच नाही, छाती बडवणं नाही, बॉल आपटणं नाही, शांतपणे रेफरीच्या हातात बॉल देऊन परत. कंडक्टरकडे सुटे दिल्यासारखा.

आता दुसरी पार्टी. आमच्या त्याच शिफ्टमध्ये दादरचा एक मुलगा होता, त्याचा चुलतभाऊ टेक्सासला, त्यामुळे हा डॅलस काऊबॉईजचा भक्त, आम्ही त्याला डॅलसच म्हणायचो, अजून म्हणतो. त्याचा देव एमिट स्मिथ. आणि त्याच्याकडे एकच मुद्दा, पण मुद्दा असा की समोरच्याची बोलती बंद: १८,३५५. एवढे यार्ड इतिहासात कुणाचेच नाहीत. दुसरा वॉल्टर पेटन १६,७२६, तिसरा फ्रँक गोर बरोब्बर १६,००० (हा आकडा बघून मला नेहमी वाटतं की त्याने ठरवूनच थांबवलं), चौथा माझा बॅरी १५,२६९. एमिटचे ते यार्ड मी एकदा किलोमीटरात करून बघितले तर जवळपास सतरा भरतात, म्हणजे साधारण दादरहून निघून गोरेगाव. त्यातला प्रत्येक टप्पा कुणीतरी अंगावर येत असताना, ४,४०९ वेळा बॉल हातात घेऊन. ते पण एक मानलं पाहिजे.

माझं उत्तर ठरलेलं असायचं, अरे त्याच्यापुढची लाईन बघ ना, ते पाच धिप्पाड लोक समोरच्यांना ढकलून असा रस्ता करायचे की त्यातून बेस्टची डबलडेकर गेली असती, त्यात पळायला काय लागतं. यावर डॅलस काय म्हणायचा ते मला अजून टोचतं, कारण त्यात तथ्य आहे. १९९३ ला एमिटचं पैशावरून टीमच्या मालकाशी वाजलं, तो पहिल्या दोन मॅच खेळलाच नाही, लाईन तीच, क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) तोच, आदल्या वर्षीचे चॅम्पियन, आणि दोन्ही मॅच हरले. मग मालकाने निमूट सही केली, आणि त्याच वर्षी परत चॅम्पियन झाले. आणि त्याच सीझनची साखळीतली शेवटची मॅच, जानेवारी १९९४, जायंट्सविरुद्ध, पहिल्याच हाफमध्ये एमिटचा खांदा निखळला, तरी ओव्हरटाईमपर्यंत खेळला, १६८ यार्ड पळून. "अगं एका हाताने खेळला तो, आणि तू लाईन लाईन काय करतेस." वर म्हणायचा, तुझ्या बॅरीपुढे काय शाळेची पोरं होती का, त्याच्या लाईनमधला लोमास ब्राउन वर्षानुवर्षं प्रो बोलला, म्हणजे निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचला, जायचा की. यावर मी चहा प्यायचे.

तर ही आमची भांडणं दहा-बारा वर्षं चालू आहेत, नोकरी सुटली, तो आता ठाण्याला राहतो, दोघांची लग्नं झाली, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चालूच. आणि आत्ता त्यात पप्पा शिरले.

पप्पांचं सांगायचं तर ते गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. चढाईपटू. ८२ च्या संपाच्या आधीची गोष्ट, तेव्हा नायगाव, लालबाग, प्रभादेवी, जिथे लाल माती तिथे संध्याकाळी मॅच आणि माणसं गॅलरीतून लोंबकळून बघायची. मग एका मॅचला डाव्या गुडघ्यावर दोघं पडले आणि विषय संपला. आज सत्तरीचे आहेत, जिना उतरताना अजून डावा पाय आधी टाकतात.

मागच्या महिन्यात मी माहेरी आलेली, लाईट गेलेली, टीव्ही बंद, तर पप्पा म्हणाले दाखव तुझ्या मोबाईलवर काय बघत असतेस ते. मी बॅरी लावला. आता आपण काय बघतो, बॉल बघतो. पप्पांनी मोबाईल हातात घेतला, एकदम नाकाजवळ धरला आणि म्हणाले मागे घे. परत मागे घे. चार वेळा. मला वाटलं दिसत नाहीये. मग म्हणाले, "हे बघ, पकड करणाऱ्याला आम्ही पहिलं काय शिकवायचो, रेडरच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, हाताकडे नाही, पायाकडे तर अजिबात नाही. कंबर बघायची. हात-पाय हूल देतात, कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. पण याची कंबर पण खोटं बोलते."

मी हे वाक्य तसंच्या तसं डॅलसला पाठवलं. मला वाटलं केस क्लोज.

पण पप्पा ना, म्हणजे एकदा खेळाचा विषय मिळाला की सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारतात, तो हूल देऊन मागे मागे जातो तेव्हा कितीदा मागेच पकडला जातो? मी खोटं बोलू शकत होते. नाही बोलले. सांगितलं की हो, होतं असं, १९९४ च्या सीझनच्या प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, ग्रीन बेमध्ये १३ वेळा बॉल घेऊन त्याचे टोटल यार्ड झाले वजा एक. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वजा? वजा असतात?" म्हटलं असतात. "मग तेरा चढायांत काहीच नाही? मोठ्या मॅचला?" आणि त्या दिवसापासून त्यांनी बाकीचे मागायला सुरुवात केली, हा दाखव, तो दाखव, अजून कोण होता.

जिम ब्राउन दाखवला. ब्लॅक अँड व्हाइट, १९५७ ते १९६५, क्लीव्हलँड. नऊ सीझन, त्यातल्या आठांत लीगमध्ये पहिला. ११८ मॅच, एकही चुकवली नाही, आणि मॅचमागे १०४.३ यार्ड, अख्ख्या करिअरचा शंभरावर अ‍ॅव्हरेज असलेला तो एकटाच. म्हणजे ब्रॅडमनच्या ९९.९४ सारखी भानगड, बाकी सगळे एका यादीत आणि हा वेगळ्या कागदावर. त्याची एक सवय होती, प्रत्येक वेळी पाडला की उठायचा एकदम हळू, जसा काही आता हा संपला, लंगडत जागेवर जायचा, आणि पुढच्या वेळी परत रेल्वेच्या इंजिनासारखा. दर वेळी तसंच, त्यामुळे खरंच लागलंय की नाही ते समोरच्याला कधीच कळायचं नाही. हे ऐकून पप्पा मांडीवर हात मारून हसले. म्हणाले आमच्यात पण होता एक, दोन्ही पायांनी लंगडायचा. (ब्राउनवर बायकांना मारहाण केल्याचे आरोप आयुष्यभर परत परत झाले, ते मी पप्पांना सांगितलं आणि इथेही सांगते, कारण नुसता महान महान म्हणून पुढे गेलं की मला कसंतरी होतं. खुनाच्या खटल्याने गाजलेल्या ओजे सिम्पसनबद्दल तर बोलायलाच नको, १४ मॅचमध्ये २,००३ यार्ड, १९७३, ठीक आहे, पुढे.)

गेल सेयर्स दाखवला तेव्हा मात्र घरात जरा शांतता झाली. शिकागोचा, १९६५ ला पहिल्याच वर्षी, पावसाने चिखल झालेल्या ग्राऊंडवर एका मॅचमध्ये सहा टचडाऊन. बाकीचे सगळे घसरतायत आणि हा एकटा जणू कोरड्या फरशीवर. मग १९६८ ला गुडघा. परत आला, पुढच्या वर्षी लीगमध्ये पहिला आला, मग दुसरा गुडघा. सगळ्या मिळून ६८ मॅच. पप्पांनी काही विचारलं नाही. त्याच्यानंतर मी मुद्दाम एड्रियन पीटरसन लावला, २०११ च्या डिसेंबरात गुडघ्यातला एसीएल नावाचा स्नायुबंध तुटला आणि पुढच्याच सीझनला २,०९७ यार्ड, एरिक डिकरसनच्या १९८४ च्या २,१०५ च्या रेकॉर्डला आठ कमी. पप्पा म्हणाले एसीएल काय असतं ते आम्हाला नाव पण माहीत नव्हतं गं, आमच्यात नुसतं म्हणायचे गुडघा गेला. हळद लावली, फडकं बांधलं, आणि मॅनेजर म्हणाला घरी बस.

सेक्वॉन बार्कली पण झाला बघून, २०२४ चे २,००५ यार्ड, आणि ती जॅक्सनविलविरुद्धची उलटी उडी, समोरच्याकडे पाठ करून त्याच्या डोक्यावरून. पप्पा म्हणाले सर्कस आहे, छान आहे. फेब्रुवारीत सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला, मी खास राहायला आले, पप्पा स्वेटर घालून बसले, आणि त्या दिवशी बार्कलीचे २५ वेळा मिळून ५७ यार्ड. टीम जिंकली, पण पप्पा मला म्हणे, याच्यासाठी उठवलंस होय.

आणि मग वॉल्टर पेटन. मला आधीच कळायला हवं होतं.

शिकागो, १९७५ ते १९८७, तेरा सीझन, आणि त्यात फक्त एक मॅच चुकली, ती पण पहिल्या वर्षी. अर्ध्या करिअरला टीम यथातथाच. साईड लाईनच्या बाहेर जाऊन मार चुकवता येत असतो, सगळे जातात, हा नाही जायचा, उलट जाताजाता समोरच्याला हाताने एक ठेवून द्यायचा. घराजवळच्या टेकडीवर एकटा पळत चढायचा, दुसरे खेळाडू सोबत गेले तर ओकायचे म्हणतात. १९७७ ला ताप-सर्दीने फणफणलेला असताना मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड, ते रेकॉर्ड पुढे २००० पर्यंत टिकलं. आणि शेवटी एकदाची टीम सुपर बोलला गेली, ४६-१० ने जिंकली, तर त्यात याला एकही टचडाऊन करू दिला नाही, कोचने एक यार्डावरून बॉल दिला कुणाला, तर रेफ्रिजरेटर म्हणायचे त्या अगडबंब विल्यम पेरीला. पप्पांनी त्या कोचला जे नाव ठेवलं ते इथे लिहू शकत नाही.

तर परवाचं भांडण हे. जेवताना पप्पांनी निकाल दिला, पेटन पहिला, ब्राउन त्याच्या मांडीला मांडी लावून, तुझा बॅरी तिसरा. मी म्हटलं का, तुम्हीच म्हणालात ना कंबर खोटं बोलते. तर म्हणाले, "हूल देणं वेगळं आणि चढाई वेगळी. पाच जणांना हात लावलास, सगळी पब्लिक उभी राहिली, आणि मध्यरेषेला परत नाही आलास तर तुझा स्कोअर काय? शून्य. आणि वर तू बाद. परत येतो त्याला रेडर म्हणतात. हा पेटन तेरा वर्षं दर रविवारी परत आला."

मी चिडले. म्हटलं बॅरी पण आला, दहा वर्षांत १६० पैकी १५३ मॅच खेळला. तर शांतपणे आमटीत भात कालवत म्हणतात, "शेवटी नाही ना आला."

आता हे त्यांना मीच सांगितलं होतं, माझीच चूक. जुलै १९९९, नवा सीझन सुरू व्हायला आलेला, बॅरी एकतीस वर्षांचा, आदल्याच वर्षी १,४९१ यार्ड केलेले, आणि पेटनचं रेकॉर्ड मोडायला हवेत फक्त १,४५८. एका वर्षाचं काम. आणि त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या, पेपरला एक फॅक्स पाठवला की मी खेळणार नाही. संपलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पेटन लिव्हरच्या आजाराने गेला, पन्नाशी गाठायच्या आतच, रेकॉर्ड तेव्हा त्याच्याच नावावर होतं. ते मोडलं शेवटी एमिटने, ऑक्टोबर २००२ मध्ये.

मी म्हटलं पप्पा, पण तो चालत गेला ना. ब्राउन पण तिसाव्या वर्षी, टीमचा मालक दंड लावीन म्हणाला तर इंग्लंडमध्ये शूटिंगच्या सेटवरून रिटायर झाला. दोघांना कुणी स्ट्रेचरवरून नाही नेलं, कुणी घरी बस म्हटलं नाही, गुडघे शाबूत असताना स्वतः ठरवून गेले, त्या खेळात हे किती जणांना जमलं? त्याला तुम्ही परत नाही आला म्हणता? मला तर वाटतं तोच एकटा पूर्णपणे परत आला.

जरा जोरात बोलले मी, तेव्हाच काकू आल्या दारात.

पप्पा काही बोलले नाहीत. त्यांचा डावा हात टेबलाखाली होता, तो कुठे असतो ते मला माहीतच आहे. मम्मीने त्यांच्या ताटात अजून एक बांगडा वाढला. मग बऱ्याच वेळाने, हात धुवून आल्यावर, मोबाईल मागितला आणि ती बार्नेटला फिरवलेली क्लिप परत लावायला सांगितली. बघून झाल्यावर म्हणाले, "अक्कल होती तुझ्या बॅरीला. पण मोठा पेटनच."

मग मी हे सगळं टाईप करून डॅलसला पाठवलं, परत येणारा रेडर, चालत जाणारा बॅरी, सगळं, दोन मोठे मोठे मेसेज. दोन निळ्या टिका आल्या. मग टायपिंग, टायपिंग, टायपिंग. मग उत्तर आलं.

१८,३५५.

पप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "ही कुठली गाडी गं? दिव्याहून सुटते काय?"